धुऱ्यावरचा आडू

त्या झाडाच्या फळाचं वर्णन मी दोनदा लिहिलं. पहिल्यांदा फळ फांदीवर होतं. दुसऱ्यांदा ते टोपल्यात होतं आणि त्यातल्या काही फळांवर काकाचं रक्त वाळलं होतं. दोन्ही वर्णनं माझ्याजवळ आहेत. हे सगळं लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. वर्णनाच्या तक्त्यात यातलं काहीच बसत नाही, आणि घरात त्यावर कोणी बोलत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

आमचं वावर आसेगावच्या शिवारात आहे. सोयाबीन, तूर, थोडा हरभरा आणि विहिरीजवळ संत्र्याची काही झाडं. बाबा सातवीपर्यंत शिकले, माय चौथीपर्यंत. मी कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरी मी काही बोलले की ते खरंच असणार, असं सगळे धरून चालतात. मला मात्र वर्गात साधा प्रश्न विचारायचा तरी तीनदा मनात म्हणून पाहावा लागतो.

माझा मामा ट्रक चालवतो. इकडची संत्री घेऊन तो दिल्लीकडे जातो. मी दहावीत होते तेव्हा परतताना त्याने पिशवीभर फळं आणली. लालसर, गोल, अंगावर बारीक लव असलेली. पुस्तकात याला सप्ताळू म्हणतात, शहरात पीच म्हणतात. मामा आडू म्हणाला, म्हणून आमच्याकडे तो आडूच झाला. मायने एक फळ हातात घेतलं, गालाला लावलं आणि म्हणाली, याची दाढी करून आणाची होती.

कोया मी फेकल्या नाहीत. अंगणातल्या रांजणाखाली वाळू असते, ती बाराही महिने ओली आणि गार राहते. त्या वाळूत मी त्या दाबून ठेवल्या आणि विसरून गेले. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मायने रांजण हलवला, वाळू बदलली आणि जुनी वाळू टोपल्यात भरून वावरात नेऊन टाकली. टाकली कुठे, तर आमच्या आणि काकाच्या वावरामधल्या धुऱ्यावर. तिथे पाऊस माती कापत होता, तेवढाच आधार होईल म्हणून.

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आणि काका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ, वयाने दोन वर्षांनी लहान. दोघं एकाच घरात वाढले, एकाच विहिरीत पोहायला शिकले. पुढे वावरं वेगळी झाली आणि मध्ये हा धुरा आला. आमच्याकडे धुऱ्यावरच्या झाडाची रीत ठरलेली आहे. खोड दोघांचं. फांदी ज्याच्या वावरात वाकेल, तिचं फळ त्याचं. आणि झाडावरून भांडण झालं तर झाड ठेवत नाहीत. दोघांनी मिळून तोडायचं, लाकूड अर्धं अर्धं करायचं आणि भांडण तिथेच पुरायचं. लहानपणी अशी एक बाभूळ तोडताना मी पाहिली होती. दोन माणसं एकमेकांकडे न पाहता आळीपाळीने कुऱ्हाड मारत होती. म्हणजे ही रीत मला माहीत होती. माहीत नव्हती, असं मला म्हणता येणार नाही.

त्या वाळूतून एक रोप आलं. दोन वर्षं त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. चौथ्या वर्षी जानेवारीत, अंगावर एकही पान नसताना, ते गुलाबी फुलांनी भरलं. हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेली माय धावत घरी आली आणि म्हणाली, धुऱ्यावर कोणीतरी लुगडं वाळू घातलं असं वाटलं मले. त्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी फळं आली आणि गळाली. पुढच्या वर्षी झाड फळांनी वाकलं.

तेव्हा मी कॉलेजात सरांना सांगितलं. तीन दिवस सांगू की नको करत होते. सर फळबाग शिकवतात. ते आधी हसले. आडूला हिवाळ्यात थंडी लागते, ती पुरली नाही तर फांदीवरचे डोळे उघडतच नाहीत, वाशीमच्या हवेत तो झाड म्हणून जगेल पण फळणार नाही, असं त्यांनी समजावलं. मी मोबाईलवरचा फोटो दाखवला. ते बराच वेळ फोटो मोठा करून पाहत राहिले. मग म्हणाले की कोयीतून आलेलं झाड आईसारखं नसतं. लाखात एखादं असं निघतं की ज्याला थंडी कमी लागते. हे तसं असेल तर हा नवा वाण आहे. जगात या एका झाडाशिवाय तो कुठेच नाही. त्याचं नीट वर्णन करायला हवं, दोन-तीन हंगाम. त्यांनी मला छापील तक्ता दिला आणि म्हणाले, तू लिही.

दर रविवारी मी तक्ता घेऊन धुऱ्यावर बसायची. झाडाची उंची, खोडाचा घेर, फांद्यांचा कल. पान लांब, अरुंद, टोकाला कोयत्यासारखं वळलेलं, कडेला बारीक दाते. पान चुरगाळलं तर कडू बदामाचा वास. खोडाला जखम झाली की मधाच्या रंगाचा डिंक. येणारे-जाणारे थांबायचे. कोणी विचारायचं, झाडाची कुंडली मांडून राह्यली का बाई, लगन कवा हाये त्याचं? काकाही एकदा येऊन उभा राहिला. त्याच्या बाजूच्या फांदीचं एक हिरवं फळ तोडून त्याने चावलं, थुंकलं आणि म्हणाला की कैरीले केस आले एवढंच, चवीत काही फरक नाही. मी हसले. तोही हसला. त्या दिवसापर्यंत आमच्यात काही वाकडं नव्हतं.

तक्त्याच्या पहिल्या पानावर दोन रकाने होते. झाडाचं ठिकाण आणि मालकाचं नाव. पहिल्या रकान्यात मी आमचं वावर लिहिलं. दुसऱ्यात बाबांचं नाव लिहिलं. विचार करून लिहिलं नाही. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर तेच नाव लिहीत आले होते, हात तसाच चालला. सरांना ते पान आवडलं. त्यांनी त्याचा फोटो काढला आणि आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या मोबाईल ग्रुपवर टाकला. सोबत दोन कौतुकाच्या ओळी. काकाला वाचता येत नाही. ते पान त्याला चहाच्या टपरीवर दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवलं. वाचणारा काय म्हणाला ते मला नंतर कळलं. तो म्हणाला होता, झाड नवं निंगालं अन् धुरा जुना राह्यला नाई.

एप्रिल होता. वावरं मोकळी झाली होती. फळं पिकायला अजून तीन आठवडे होते, पण वाढीच्या या टप्प्याची मापं घ्यायची होती. मी उपड्या टोपल्यावर उभी राहून सिकेटरने फळं कापत होते. सिकेटर म्हणजे संत्र्याच्या काड्या छाटायची स्प्रिंगची कात्री. बाबा विहिरीजवळ संत्र्याला आळी करत होते. काका त्याच्या वावरातून कुऱ्हाड घेऊन आला. कुंपणाला काट्या तोडायला तो रोजच कुऱ्हाड आणतो, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

"काहून पोरी, हे झाड तुह्या बापाचं कवापासून झालं?"

मला त्याच क्षणी कळलं, तो कशाबद्दल बोलतो आहे ते. चुकलं काका, दोन्ही नावं लिहिते, एवढंच म्हणायचं होतं. मी ते मनात म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं. तोंडातून आलं नाही. लोक मला नम्र समजतात. त्या दिवशी त्या गप्प राहण्याला काकाने मस्ती समजलं, आणि आता विचार करते तर त्याचं चुकलं असं वाटत नाही.

तो म्हणाला की तुमी कागद करा, मी माहं अर्धं घेऊन जातो. आणि त्याने त्याच्या बाजूच्या मोठ्या फांदीवर पहिला घाव घातला. फळं गारांसारखी खाली पडली. एक माझ्या कानावर लागलं. दुसऱ्या घावाला फांदी लोंबकळली. ती पूर्ण तुटेना, तेव्हा काका तिला लटकला आणि ओढू लागला. खोडाची साल खालपर्यंत सोलत गेली, बोकडाचं कातडं सोलतात तशी. आत ओलं, पांढरं लाकूड दिसलं. मी फक्त काका, काका म्हणत होते.

बाबा धावत आले. त्यांच्या हातात फावडं होतं. त्यांनी फावड्याचा दांडा काकाच्या पाठीत घातला. काका फिरला, कुऱ्हाड टाकली आणि बाबांना कवेत घेऊन धुऱ्यावरून खाली पडला. बरं झालं कुऱ्हाड टाकली, असं मला नंतर हजारदा वाटलं. तेव्हा काही वाटलं नाही. पन्नाशीतली दोन माणसं ढेकळांत लोळत होती. बाबांनी त्याच्या कानाचा चावा घेतला. त्याने मूठभर माती बाबांच्या तोंडात कोंबली. कोणी ओरडत नव्हतं. नुसतं धापा टाकणं आणि धोतर फाटल्याचा आवाज. मग काका वर आला. त्याने बाबांच्या छातीवर गुडघा ठेवला आणि दोन्ही हातांनी गळा धरला. बाबांचे पाय आधी जोरात हलत होते. मग हळू हलू लागले.

मी काकाला मारलं. सिकेटर मिटलेली होती का उघडी, आठवत नाही. मी ती मुठीत धरून त्याच्या तोंडावर घातली. भुवईपासून कानशिलापर्यंत कातडी उघडी झाली. तो लगेच बाजूला झाला नाही. माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी दुसऱ्यांदा मारलं. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती. त्याने गळा सोडला होता. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

तो पडलेल्या फळांमध्ये बसून राहिला, हात डोळ्यावर धरून. बोटांमधून रक्त येत होतं आणि फळांवर पडत होतं. संत्र्यावर रक्त पडलं असतं तर ओघळून गेलं असतं. आडूच्या लवेत ते अडकतं. थेंब तसाच गोल उभा राहतो, मग हळूहळू लवेत मुरतो. फळाच्या सालीबद्दल तक्त्यात तीन प्रश्न आहेत. त्यांचं सगळ्यात खरं उत्तर मला तिथे दिसलं. मी ते लिहिलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात त्याला सात टाके पडले. डोळा वाचला. कसं लागलं, असं डॉक्टरांनी विचारलं तर तो फांदी लागली म्हणाला. हे ऐकून माय रडली आणि मला म्हणाली, पाह्य, आपलाच माणूस हाये. पण दुसऱ्या दिवशी काकाचा निरोप आला की फांदी लागली हे आजच्यापुरतं हाये.

आमच्या दोन्ही घरांचा एक आजा लागतो, भावकीतला सगळ्यात म्हातारा माणूस. सगळे त्याच्या ओट्यावर बसले. बाबांच्या गळ्यावर काळे-निळे वळ होते, आवाज नीट निघत नव्हता. काकाचं अर्धं तोंड पट्टीत होतं. बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले की मारलं ते मीच, फावड्यानं.

"तुनं नाई, भाऊ. तुह्या पोरीनं मारलं," काका म्हणाला. "मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. एकच उघडा राह्यला होता, पण पाह्यलं."

कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. मी दाराच्या आत उभी होते.

काकाचं म्हणणं असं होतं. तो ठाण्यात जाऊ शकतो. सात टाक्यांचा कागद त्याच्याजवळ आहे. मग माझं नाव पोलिसात जाईल, कॉलेजला कळेल, उद्या नोकरीच्या अर्जासोबत चारित्र्याचा दाखला लागेल तेव्हा ते नाव निघेल. त्याला जायचं नाही. पण रीत आहे ती व्हावी. झाड तोडावं.

आजाने बाबांना विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते म्हणाले, तोडू. एवढा एक शब्द. घरात कॉलेजला गेलेली एकच मुलगी आणि जगात तसं एकच झाड. त्यांनी हिशेब लावला नाही, त्यांना लावावाच लागला नाही.

तेव्हा मी बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांपुढे बोलले. म्हणाले की आजा, तीन आठवडे थांबा. फळ पिकू द्या, मला फक्त पिकलेल्या फळाची मापं घेऊ द्या, मग मी स्वतः कुऱ्हाड आणून देते. आजाने माझं सगळं ऐकून घेतलं. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून मला ते पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने.

"बाई," तो म्हणाला, "कच्च्यावर एवढं रगत सांडलं. पिकल्यावर किती सांडन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी झाड तोडलं. पहिला घाव मोठ्या भावाचा, म्हणून बाबांनी मारला. दुसरा काकाने. पट्टीमुळे त्याला एकाच डोळ्याने दिसत होतं, त्याचे घाव चुकत होते, खाली-वर लागत होते. बाबांच्या घावाला गळ्यातून घरघर निघत होती. खोड माझ्या मांडीएवढं होतं. पाच वर्षांच्या झाडाला किती वेळ लागणार, असं मला वाटलं होतं. पण त्याला वेळ लागला. कडू बदामाचा वास एवढा सुटला की मायने पदर नाकाला लावला. प्रत्येक घावाला फळं पडायची. शेवटी झाड बाबांच्या बाजूला कललं, मग फिरलं आणि धुऱ्यावरच आडवं पडलं, कोणाच्याच वावरात नाही.

लाकूड अर्धं केलं. फळंही, भांडणात पडलेली धरून, अर्धी केली, दोन टोपल्यांत, आजाच्या डोळ्यांसमोर. काकाने त्याची टोपली तिथेच बकऱ्यांपुढे ओतली. बकऱ्यांनी दोन-चार खाल्ली आणि तोंड फिरवलं.

आमची टोपली मी घरी आणली. दहा फळं निवडली. रक्ताची फळं वेगळी काढायला हवी होती, पण चांगल्या आकाराची सगळी त्यातच निघाली. धुतली तरी लवेतला डाग जात नव्हता. मी ओसरीवर बसून एकेक कापलं. फळाच्या अंगावर देठापासून टोकापर्यंत एक घडी असते. त्या घडीवर सुरी ठेवून कोयीपर्यंत कापायचं, मग दोन्ही अर्ध्या भागांना धरून उलट्या बाजूंना पिळायचं. गर कोयीला चिकटलेला. रंग पांढरा, हिरवट झाक, पण कोयीजवळ लाल शिरा. फळ गोल, खाली किंचित चोच. साल पिवळसर, उन्हाच्या बाजूला लाली नुकतीच चढू लागलेली. कोय खडबडीत, खोल घळी असलेली. चव लिहायची होती म्हणून मी एक फोड खाल्ली. आधी आंबट, मग तुरट. आणि मागून, अगदी मागून, एक गोडी येऊ लागली होती. अजून तीन आठवडे मिळाले असते तर ती पुढे आली असती. चवीच्या रकान्यात मी लिहिलं, पूर्ण पक्व फळ उपलब्ध नाही.

काही काड्याही मी ओल्या पोत्यात गुंडाळून कॉलेजला नेल्या, डोळे बांधण्यासाठी. म्हणजे काडीवरचा एक डोळा सालीसकट काढून दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवायचा, तशी आमच्याकडे सगळी संत्री बांधतात. पण संत्र्याचा डोळा जंबेरी लिंबाच्या खुंटावर बसतो. आडूला त्याच्या जातीचा खुंट लागतो, आणि तो इथे कोणाकडेच नाही. काड्या चार दिवसांत काळ्या पडल्या. सरांनी माझा तक्ता शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, झाड? मी म्हणाले, तोडलं. का तोडलं ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. कागद परत देताना ते म्हणाले की हे वाणाचं वर्णन नाही, हा शवविच्छेदनाचा अहवाल झाला. ते रागाने बोलले नाहीत. पण मी खूप दिवस ते वाक्य घेऊन फिरत होते.

जून संपता संपता मी घरी आले होते. माय निंदण करून आली आणि बाबांना हळूच म्हणाली, आडूचा खुंट पुन्हा फुटला. बाबांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. काकाच्या गुडघ्याखाली दबले होते तेव्हाही ते एवढे घाबरले नव्हते.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. समेट झाडाच्या तोडण्यावर झाला होता. झाड पुन्हा उभं राहिलं तर समेट राहतो का? सात टाक्यांचा कागद अजून काकाच्या पेटीत होता. बाबा उठले, गोठ्यात गेले आणि तणनाशकाचा डबा घेऊन आले. म्हणाले, खुंटावर घाव घालून त्यात ओततो, एका हप्त्यात जळते. मी म्हणाले, बाबा, कलमाचं झाड तोडलं की खालून दुसरंच रानटी झाड फुटतं. हे कोयीचं आहे, मुळापासून शेंड्यापर्यंत एकच. फुटलं ते तेच आहे. तोच वाण. बाबा म्हणाले की म्हूनच तर.

मी दप्तर उचलून त्यांच्या आधी निघाले. पळत नव्हते, पण भराभर चालत होते. धुऱ्यावर पोचले तर काका तिथे उकिडवा बसला होता, खुंटासमोर. शेजारी विळा. पट्टी कधीच निघाली होती. भुवईचे दोन तुकडे झाले होते आणि मध्ये गुलाबी चकाकणारी रेघ होती. खुंटाच्या गोलावर अजून घावांचे ठसे होते. बाबांचे एका जागी, काकाचे सगळीकडे. आणि खालून दोन फुटवे आले होते. एक आमच्या बाजूला, एक त्याच्या. आमच्या बाजूचा जाड आणि उंच होता. पानं तीच. टोकाला कोयत्यासारखी वळलेली.

या वेळी मी मनात म्हणून पाहिलं नाही. म्हणाले, "काका, कागदावर तुमचं नाव लिहिलं नाही ती माझी चूक होती. आणि मी तुम्हाला दुसऱ्यांदा मारलं, तेव्हा तुम्ही बाबांना सोडलं होतं."

त्याने भुवईवरून अंगठा फिरवला.

"माहीत हाये मले," तो म्हणाला. "पह्यला बापासाठी होता. दुसरा माह्यासाठी होता."

तेवढ्यात बाबा आले, हातात डबा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकाने डब्याकडे पाहिलं, त्यावरच्या कवटीच्या चित्राकडे. मग त्याने विळा उचलला. बाबा एक पाऊल पुढे आले. मी दोघांच्या मध्ये नव्हते, बाजूला होते, आणि मला हलता आलं नाही.

काकाने आमच्या बाजूचा फुटवा मुठीत धरला आणि विळ्याने बुडातून कापला. एकाच घावात. तो त्याने बाबांच्या पायाजवळ टाकला.

"दोन ठेवले तं दोनी मरतीन," तो म्हणाला.

ते बरोबर होतं. खुंटावर एकच फुटवा ठेवावा, हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलं आहे. पण जोमदार असेल तो ठेवावा, असंही शिकवलं आहे. त्याने जोमदार कापला होता. त्याला ते कळत नव्हतं असं नाही, तीस वर्षं तो झाडं छाटतो आहे. त्याने हे झाडासाठी केलं की भुवईसाठी, हे मी त्याला विचारलं नाही. त्याने विळा कमरेला खोचला आणि आपल्या वावरात निघून गेला. जाताना म्हणाला, लिव आता.

बाबा उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी डब्याचं सैल झालेलं झाकण पुन्हा घट्ट फिरवलं.

मी दप्तरातून मोजपट्टी काढली आणि खाली बसले. उरलेल्या फुटव्याची उंची एकवीस सेंटिमीटर. पानं अकरा. एका पानाला अळीने खाल्लेलं. कापलेल्या फुटव्याच्या जागी डिंक यायला लागला होता. नव्या तक्त्याच्या पहिल्या पानावर ठिकाणाच्या रकान्यात मी लिहिलं, दोन वावरांमधला धुरा. मालकाच्या रकान्यात काकाचं नाव आधी लिहिलं, मग बाबांचं. बाबा माझ्या मागे उभे राहून पाहत होते. त्यांना वाचता येतं.